पहिला पेला

आमच्या चौकात एक सार्वजनिक नळ आहे आणि नळाच्या बरोबर समोर माझं शिवणकामाचं दुकान. दुकान कसलं, ताईच्या घराची पुढची खोली. नवऱ्याचं घर कायमचं सोडून मी एक बॅग आणि शिलाई मशीन घेऊन ताईच्या दारात उभी राहिले, तेव्हा ताईनं रडायला सुरुवात केली आणि भाऊजींनी काही न विचारता मशीनची दुसरी बाजू उचलली. "जड आहे ग बरंच," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीतला त्यांचा पलंग आत गेला आणि खिडकीशी माझं मशीन आलं. मी तोंडाची फटकळ. कुणाचं ऐकून घेणं माझ्या रक्तात नाही. पण स्वतःबद्दल ऐकलेलं मी एकवेळ सोडून देईन, या माणसाबद्दल कुणी वाकडं बोललं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आणि आता तर सगळा परिसर वाकडं बोलतो.

भाऊजी पाणीखात्यात आहेत. व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, फुटलेली लाइन खोदून जोडायची, घरी येऊन मोजे उन्हात टाकायचे, हे त्यांचं काम. पण लोक त्यांना ओळखायचे ते वेगळ्या कारणानं. लाइनची मोठी दुरुस्ती झाली की पाणी सोडल्यावर या चौकातल्या नळाचा पहिला पेला खात्याच्या माणसानं सगळ्यांसमोर प्यायचा, मग लोकांनी भरायचं, अशी खात्याची जुनी पद्धत होती. कुठल्या तरी जुन्या इंजिनिअरनं ती सुरू केली. लोक खात्यावर भडकले होते म्हणे, तेव्हा तो म्हणाला, आधी मी पितो, मला काही झालं नाही तर तुम्ही प्या. निवृत्त होताना त्यानं आपला स्टीलचा पेला भाऊजींच्या हातात दिला. तेव्हापासून पहिला पेला भाऊजींचा.

आता तुम्ही म्हणाल, पेलाभर पाणी पिऊन काय कळतं? घाण पाणी प्यालेला माणूस काही जागच्या जागी आडवा होत नाही. हे लोकांनाही कळत होतं. पण ज्याला पाण्यातलं कळतं तो माणूस आपल्याआधी पितोय, एवढ्यावर लोकांचं समाधान व्हायचं.

आणि भाऊजींचं समाधान दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे लॅबवाल्या मॅडमचा फोन. दुरुस्तीनंतर पाण्याचा नमुना लॅबमध्ये जायचा. तिथे बाटली रात्रभर उबेत ठेवतात, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी कळतं पाण्यात काय वाढतंय ते. मग मॅडम फोन करून एकच शब्द म्हणायच्या, "सोडा." लॅब गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे दोघांची गाठभेट अशी कधी होत नसे. रिपोर्टचा कागद यायला वेळ लागायचा, आवाज आधी यायचा आणि भाऊजींना तो पुरायचा. "मॅडम म्हणाल्या म्हणजे झालं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की मी चिडवायचे, "ताई, सांभाळ ग बाई. तुझ्या नवऱ्याचा आवाजावर जीव आहे." ताई म्हणायची, "असू दे. माझा आवाज ऐकून तर पळून जातात."

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं नाक. पाणी पिण्याआधी पेला ते नाकाशी धरायचे. घरात दूध नासायला लागलं की उंबरठ्यावरूनच सांगायचे. मॅडमनी सोडा म्हटल्यावरही पाण्याला जरासा वास वाटला म्हणून त्यांनी व्हॉल्व्ह बंद करून टाकला, असंही पूर्वी झालं होतं, आणि तेव्हा लॅबनं पुन्हा तपासल्यावर त्यांचंच खरं निघालं होतं. त्याचं मॅडमना भारी कौतुक. ऑफिसात सगळ्यांना सांगायच्या, माझ्या मशीनपेक्षा त्यांचं नाक बरं.

चौकात रांगेत सगळ्यांत पुढे पिवळी बादली घेऊन मास्तरीणबाई असायच्या. अर्ध्या परिसराला त्यांनी शाळेत शिकवलं होतं. मला आणि भाऊजींनाही. माझ्या बोटांना त्यांच्या पट्टीची चव अजून आठवते. पाय दुखायचे, सून म्हणायची मी भरते, पण नाही. पहिली बादली आपली असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. भाऊजींनी पेला रिकामा करून उलटा करून दाखवला की त्या विचारायच्या, "काय रे, जिवंत आहेस ना?"

"सध्या तरी आहे, बाई."

"मग हो बाजूला. भरू दे."

रांग हसायची. दर वेळी तोच विनोद आणि दर वेळी तेच हसू. मी मशीनवर बसल्या बसल्या हसायचे. इतकं साधं होतं ते सगळं. तेव्हा आपण त्याला काही नाव दिलं नव्हतं.

मग नवी टाकी आली. जुन्या टाकीची लाइन तोडून नव्या टाकीला जोडायची होती. उद्घाटनाला मोठी माणसं येणार, मंडप पडला, खुर्च्या आल्या. लाइन जोडण्याचं काम लांबलं आणि नमुना लॅबमध्ये पोचला तो उद्घाटनाच्या दिवशीच. म्हणजे निकाल दुसऱ्या दिवशी. खात्याचे साहेब घायकुतीला आले. पाहुणे नळाची तोटी फिरवणार आणि पाणी येणार नाही, असं चालेल का? त्यांनी मॅडमना फोनवर फोन केले. वरवरची चाचणी तर ठीक आहे ना? ठीक आहे. औषध पुरेसं आहे ना? आहे. नव्या टाकीचे आधीचे नमुने चांगले आले होते ना? आले होते. मग अडलं कुठे? शिवाय तिथे आपला माणूस पहिला पेला पिणार आहे. त्याच्या नाकाला जरा जरी खटकलं तर तो पाणी सोडू देणार आहे का?

हे साहेब बोलले की मॅडमच्याच मनात आलं, हे चौकशीत कधी नीट ठरलं नाही. पण मॅडमना ते पटलं एवढं खरं. त्यांनी भाऊजींना फोन केला आणि म्हणाल्या, "सोडा."

भाऊजींना सर्दी झाली होती. दोन-तीन दिवस लाइनच्या खड्ड्यात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून काम केल्यावर दुसरं काय होणार! ताईनं सकाळी त्यांना वाफ दिली होती. जेवण मातीसारखं लागतंय म्हणून ताट तसंच सारलं होतं त्यांनी. चौकात पेला नाकाशी धरलेला मी पाहिला, नेहमीसारखाच. वास येत नव्हता. तो पाण्याला नव्हता की नाकाला, हा प्रश्न त्यांच्या मनात आला होता. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण मॅडमचा आवाज कानात होता. मॅडम म्हणाल्या म्हणजे झालं. ते प्यायले, पेला उलटा केला.

"काय रे, जिवंत आहेस ना?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

पाहुण्यांनाही हा विनोद आवडला. टाळ्या पडल्या.

खड्ड्यात, नवा जोड होता तिथे, शेजारून मैल्याची जुनी लाइन जात होती आणि ती झिरपत होती. पाणी बंद असलं की ती घाण जोडातून आत ओढली जात होती. हे सगळं खणल्यावर दिसलं. दुसऱ्या दिवशी लॅबच्या बाटलीनंही तेच सांगितलं, पण तोपर्यंत घराघरातून उलट्या आणि जुलाब सुरू झाले होते. दवाखान्यात खाटा पुरेनात, व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या. ताई आडवी झाली, मी आडवी झाले, आणि भाऊजी तर सगळ्यांत आधी. हाताला सलाइन लावलेलं असताना पडल्या पडल्या ते येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला विचारत होते, "मास्तरीणबाई कशा आहेत? पिवळ्या बादलीवाल्या?" नर्सला कसली बादली आणि कसलं काय! तिनं त्यांना झोपायला सांगितलं.

मास्तरीणबाई गेल्या. आणखीही माणसं गेली. मला सगळ्यांची नावं माहीत आहेत आणि त्यांच्या अंगाची मापंही. मास्तरीणबाईंचा एक ब्लाउज माझ्याकडे उसवून पडला होता, खांद्यात सैल करायला दिलेला. तो मी शिवला, इस्त्री केला आणि नेऊन द्यायची हिंमत झाली नाही म्हणून कपाटात ठेवला. तो तिथेच आहे.

चौकशी झाली. मी आणि ताई मागच्या बाकावर बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, "पाण्याला वास असता तर ते प्यायलेच नसते, असं मी धरून चालले." भाऊजी म्हणाले, "चाचणी झाली नसती तर मॅडम सोडा म्हणाल्याच नसत्या, असं मी धरून चाललो." साहेब म्हणाले, "दोघांचाही होकार होता. मी अडवणारा कोण?" आणि लोक तर बोलून चालून भाऊजींच्या पेल्याकडे बघत होते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकून निवांत झोपला होता आणि जागं कुणीच नव्हतं. मला तिथल्या तिथे उठून सगळ्यांना ओरडावंसं वाटलं. पण काय ओरडणार? एकमेकांवर विश्वास का ठेवलात म्हणून?

मग भाऊजींनी, कुणीही विचारलेलं नसताना, सांगितलं, "त्या दिवशी मला सर्दी होती."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. ताईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला. हा माणूस गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं? पण त्याला खोटं तर सोडाच, गप्प बसणंसुद्धा जमत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवसापासून भाऊजींचं नाव पडलं 'सर्दी'. भाजीच्या दुकानात, बसथांब्यावर, ते समोरून गेले की कुणीतरी मुद्दाम नाक ओढायचं.

साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. मॅडमना समज मिळाली. भाऊजींना घरी बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. ते मात्र म्हणायचे, "मी काही संन्यासी नाही ग. मला शंका आली होती. आली होती आणि मी ती गिळली."

ते घरी बसले त्या काळात आजूबाजूला बरंच काय काय बदललं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणे. आमच्या इथल्या लोकांनी ताकच सोडलं. पाण्याच्या सीलबंद कॅन घेऊन गाडी येऊ लागली, ज्याला परवडेल तो ते घेऊ लागला, परवडत नव्हतं तो उकळून उकळून गॅस संपवू लागला. आणि हे पाण्यापुरतं राहिलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या की लोक दुसऱ्या डॉक्टरला दाखवून यायचे. शाळेत पालक वर्गाच्या खिडकीत उभे राहायचे. वर्षानुवर्षं माझ्याकडे कापड टाकून "तुला कळतंय, शिव" म्हणून निघून जाणाऱ्या बायका आता कापड माझ्यासमोर टेपनं मोजून द्यायच्या आणि उरलेला तुकडा मागून न्यायच्या. एकीनं तर कापडाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं खूण करून आणली होती, मी बदलू नये म्हणून. मी तिला म्हटलं, "अग, तुझं हे फुलाफुलांचं मी घेऊन करू काय? पडदे?" ती हसली, पण खूण तपासल्याशिवाय गेली नाही.

मी तरी काय वेगळी होते! एकदा मशीनच्या तेलाच्या नव्या बाटलीचं झाकण सैल वाटलं तर मी दुकानदाराशी भांडून आले.

घरात पाण्याची दोन भांडी झाली होती. भाऊजी नळाचंच पाणी प्यायचे, उकळलेलंसुद्धा नाही. लाइन तोवर धुऊन झाली होती, पण तरी. ती शिक्षा होती, की हट्ट होता, मला कळलं नाही. ताईनं मात्र ओट्याखाली, पिठाच्या डब्याच्या मागे, विकतची कॅन ठेवली होती, वर फडकं टाकून. मी तिला एकदा विचारलं, "अग, त्यांना कळलं तर?"

"कळू दे."

"तुझा त्यांच्यावर विश्वास नाही?"

ताई भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "माणसावर आहे ग. पाण्यावर नाही."

भाऊजी बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं असावं. कारण त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरात पाणी घ्यायला जाणं बंद केलं, ताई देईल ते मुकाट्यानं प्यायचे, आणि पेला तोंडाला लावला की डोळे मिटायचे. ते कुठलं पाणी आहे हे त्यांच्या नाकाला कळत असणारच. सर्दी केव्हाच गेली होती.

सगळी लाइन काढून नवी टाकायची ठरली, तेव्हा खात्यानं त्यांना परत बोलावलं. मेहेरबानी म्हणून नाही. हा चौक दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. भाऊजी गेले. मन लावून गेले. सकाळी लवकर निघायचे, ठेकेदाराच्या माणसांना एकेक जोड उघडून दाखवायला लावायचे, घरी यायचे ते चिखलानं माखून आणि कधी नव्हे ते बोलत. मैल्याची लाइन रस्त्याच्या पलीकडे हलवली. नमुने घेतले, पुन्हा घेतले. भाऊजी निकालाचे कागद स्वतः जाऊन वाचून आले, आवाजावर नाही थांबले. एके दिवशी जेवताना म्हणाले, "एकदा लोकांनी माझ्या हातून भरून घेऊ दे. मग काढू दे मला कामावरून." ताईनं नुसतं त्यांच्या ताटात वाढलं. मला मात्र आशा वाटली. आशा फार वाईट. आली की माणसाला मूर्ख करून सोडते.

पाणी सोडायचं त्या सकाळी भाऊजींनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. मी कॉलर उलटवून दिली होती, झिजली होती म्हणून. चौकात माणसं जमली होती, नाही असं नाही. पण बादल्या नव्हत्या. लोक हाताची घडी घालून उभे होते. काही जण मोबाइल धरून होते.

आणि लॅबवाल्या मॅडम स्वतः आल्या होत्या. मी त्यांना धिप्पाड समजत होते, का कुणास ठाऊक. त्या निघाल्या बुटक्या, चष्मेवाल्या, पर्स छातीशी धरलेल्या. भाऊजींनी मान लववली. त्यांनीही. मग मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सगळे नमुने मी स्वतः तपासलेत. पाणी शुद्ध आहे." मागून कुणीतरी म्हणालं, "मागच्या वेळीही होतंच की!"

भाऊजींनी पेला भरला. नाकाशी धरला. इतका वेळ धरला की लोक चुळबुळ करायला लागले. कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज केला आणि दोघं-तिघं हसले. भाऊजींनी सावकाश सगळा पेला संपवला. मग पुन्हा भरून मॅडमच्या हातात दिला, त्याही प्यायल्या, डोळ्यांत पाणी आणून प्यायल्या. भाऊजींनी पेला उलटा केला, धरून ठेवला.

आता कुणीतरी काहीतरी विचारायचं असतं, त्या जागी कुणी काही विचारलं नाही. नळ नुसता वाहत होता. भाऊजी रांग जिथे सुरू व्हायची त्या जागेकडे बघत होते. मास्तरीणबाईंची सून आपल्या पायरीवर उभी होती, तोंडावर पदर घेतल्यासारखी ओढणी धरून. लोक हळूहळू पांगले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दुकानातली कॅन उपडी केली, विकतचं पाणी गटारात ओतलं आणि तीच कॅन घेऊन तरातरा नळावर गेले.

"व्हा बाजूला भाऊजी. भरू दे," मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वर बघवेना. त्यांनी स्वतः कॅन नळाखाली धरली, भरली, आणि दुकानापर्यंत आणून दिली, मी आले त्या दिवशी मशीन आणलं होतं तशी. वळून पाहिलं तर सून पायरीवरून उतरत होती. तिच्या हातात पिवळी बादली होती.

"बघितलंत?" मी दुकानात शिरता शिरता कुजबुजले. "ती येतेय. मी म्हणत नव्हते? एकानं सुरुवात करावी लागते. लोक मेंढरं असतात हो, वाईटाला तशीच चांगल्याला."

भाऊजी स्टुलावर बसले. पेला माझ्या कात्रीशेजारी ठेवला. नुसते मान हलवत राहिले. मला इतका आनंद झाला होता! मी त्यांचाच पेला उचलला, कॅनमधून काठोकाठ भरला.

"जिवंत राहिले तर सांगेन," मी म्हटलं, आणि तोंडाला लावला.

भाऊजींचा हात आला. काय होतंय हे मला कळायच्या आत त्यांनी पेला उडवला होता. तो भिंतीवर आपटला, जमिनीवर गरगरला. पाणी माझ्या अंगावर, मशीनवर, कापून ठेवलेल्या कापडावर उडालं.

"नको," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही प्यालात ना आत्ता?"

"प्यालो."

"कागद वाचलेत ना? चांगलं आहे ना पाणी?"

"चांगलं आहे."

"मग?"

"माझं वेगळं," ते म्हणाले. पेला उडवणारा हात दुसऱ्याचा असावा तसे ते त्याच्याकडे बघत होते. "मी पिईन. तू नको. तू आणि ताई... नका पिऊ तुम्ही. उकळून घ्या. नाही तर विकतचं आणा."

तेवढ्यात मी दाराकडे पाहिलं. सून उभी होती. भरलेली बादली दोन्ही हातांत धरून. ती भाऊजींशी बोलायलाच आली असणार, नाहीतर नळावरून सरळ घरी गेली असती. काय बोलणार होती ते मला माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही. तिनं जमिनीवरच्या पाण्याकडे पाहिलं, माझ्या ओल्या पदराकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

ती वळली. नळापाशी गेली आणि बादली उपडी केली. पाणी उतारावरून वाहत आमच्या पायरीपर्यंत आलं. मग तिनं बादली झटकली, उरलेले थेंबसुद्धा राहू नयेत अशी, आणि घरात गेली.

मी दारापर्यंत धावले होते, पण हाक कसली मारणार? थांब, ते चुकून झालं? पाणी चांगलं आहे, फक्त हा माणूस आपल्या घरच्यांना पिऊ देत नाही?

मागे भाऊजी म्हणाले, "बरोबर केलं तिनं."

त्यांनी वाकून मशीनखालून पेला काढला. त्याला एक पोचा आला होता. शर्टाच्या टोकानं पुसला, आत फुंकर मारली आणि माझ्यासमोर ठेवला. "राहू दे तुझ्याकडे. बटणं-बिटणं ठेवायला." मग पाणी पुसायला फडकं मागितलं. मी दिलं नाही. मी म्हटलं, वाळेल आपोआप. तरी ते स्वतःच्या रुमालानं मशीन पुसत बसले, सुईपासून पायडलपर्यंत, कुठे गंज धरू नये म्हणून.

आता त्यात खरंच बटणं आहेत. भाऊजी कामाला जातात, पण पहिला पेला कुणी पीत नाही. ती पद्धत खात्यानं बंद केली. कुणी हरकतही घेतली नाही. ताईची कॅन आता फडक्याशिवाय उघडीच असते, आणि पाण्याची गाडी आली की नवी कॅन भाऊजीच उचलून आत आणतात. चौकातला नळ सकाळी सुरू होतो आणि बंद होईपर्यंत तसाच वाहतो. मी मशीनवर बसून बघत असते. पाणी नितळ दिसतं. चांगलं असतं, असं म्हणतात.